टीबी की सारकॉइड? रक्ताला विचारून बघू

तीन वर्षांपूर्वी माझ्या मावशीला कोरडा खोकला आणि बारीक ताप सुरू झाला. एक्स-रेत छातीतल्या गाठी सुजलेल्या दिसल्या. आपल्याकडे असं दिसलं की पहिला संशय टीबीचा, आणि तो गैरही नाही. सहा महिने तिने लघवी लाल करणाऱ्या त्या गोळ्या घेतल्या. गाठी होत्या तेवढ्याच! शेवटी बायोप्सीत निघाला सारकॉइडोसिस. घरात हे नाव कुणी ऐकलंही नव्हतं. मला मात्र एकच प्रश्न पडला, इतक्या वेळा रक्त काढलं, मग त्यात हे दिसलं कसं नाही?

दोन्ही आजारांत शरीर एकच काम करतं. जे संपवता येत नाही त्याला पांढऱ्या पेशींचा वेढा घालतं. या गाठीला ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीबीत आत जंतू असतात आणि गाठीचा मधला भाग बहुधा मरून चीजसारखा होतो. सारकॉइडमध्ये सहसा तसं होत नाही, आणि वेढा नेमका कुणाला घातलाय हेच अजून सापडलेलं नाही. उपचार मात्र उलटे. सारकॉइडमध्ये गरज पडली तर स्टिरॉइड देऊन ही फौज शांत करायची. तेच स्टिरॉइड टीबीच्या औषधांशिवाय टीबीच्या पेशंटला दिलं, तर जंतूंना रान मोकळं.

आता रक्ताकडे येऊ. सारकॉइडसाठी एसीई नावाचं एन्झाइम मोजतात. ते ग्रॅन्युलोमातल्या पेशीच तयार करतात, त्यामुळे बऱ्याच पेशंटमध्ये वाढतं. पण सगळ्यांत नाही, आणि ग्रॅन्युलोमा टीबीतही असतातच की!

टीबीच्या बाजूने आहे गॅमा इंटरफेरॉनची टेस्ट. रक्तातल्या पेशींना ईसॅट-6 आणि सीएफपी-10 ही टीबीच्या जंतूची दोन प्रथिनं दाखवायची आणि त्या किती इंटरफेरॉन सोडतात ते मोजायचं. ही प्रथिनं बीसीजी लशीत नसतात, म्हणून लहानपणच्या लशीमुळे टेस्ट फसत नाही. डोकेबाज कल्पना आहे. पण ती सांगते एवढंच, की या पेशींना जंतू ओळखीचा आहे. जगातल्या सुमारे पाव लोकसंख्येच्या शरीरात टीबीचा संसर्ग होऊन गेल्याचा अंदाज आहे, त्यातले बहुतेक आजारी पडत नाहीत. म्हणजे भारतात पॉझिटिव्ह आली तर फारसं काही कळत नाही. निगेटिव्ह आली तर पारडं थोडं सारकॉइडकडे झुकतं. पण टीबीने खंगलेल्या माणसातही ती कधी कधी निगेटिव्ह येते. (अँटीबॉडी मोजून टीबी सांगणारे किट तर इतके फसवे निघाले, की 2012 मध्ये सरकारने त्यांच्यावर बंदीच घातली.)

मग जनुकं मोजली तर? 2012 मध्ये बर्लिनच्या मॅक्स प्लँक संस्थेतल्या गटाने दोन्ही आजारांच्या पेशंटच्या रक्तातली जनुकांची हालचाल शेजारी ठेवून पाहिली. नक्षी बरीचशी सारखी! दोन्हीकडे इंटरफेरॉनशी संबंधित जनुकं जागी. 2013 मध्ये दुसऱ्या एका गटाने 144 जनुक-खुणांचा संच वापरून टीबी वेगळा काढून दाखवला, पण रोजच्या दवाखान्यात अजून त्यावर निदान होत नाही.

आपल्या भाषेत सांगायचं तर हा सेन्सर इनपुट मोजतच नाही, सिस्टिमचा रिस्पॉन्स मोजतो. दोन वेगळ्या इनपुटला रिस्पॉन्स जवळपास सारखा असेल, तर रिडिंग कितीही अचूक घ्या, मागे जाऊन इनपुट सांगता येत नाही. म्हणून गाठीचा तुकडाच काढावा लागतो, आणि त्यात जंतूही शोधावा लागतो.

मावशीची ती तपासणी घशातून दुर्बीण घालून झाली. तुकड्यात चीजसारखा भाग नव्हता. कल्चरमध्ये जंतू वाढतो का हे कळायला आठवडे लागतात, तोवर डॉक्टरांनी स्टिरॉइडला हात लावला नाही. आम्हाला घाई झाली होती, त्यांना नव्हती.