गाणी संपल्यावर उरणारं संगीत

चित्रपटाचं संगीत म्हटलं की आपण चटकन गाणी गुणगुणायला लागतो. ते साहजिकच आहे. आपल्याकडे चित्रपट विस्मरणात गेला तरी त्यातली गाणी टिकतात. पण अडीच-तीन तासांच्या चित्रपटात गाणी असतात फार तर अर्धा-पाऊण तास. उरलेल्या वेळातही बरंच काही वाजत असतं. त्याला आपण पार्श्वसंगीत म्हणतो, आणि नावातच ‘पार्श्व’ असल्यामुळे की काय, आपल्या लेखी ते मागेच राहतं. आज मला बोलायचं आहे ते त्याच्याबद्दल.

पार्श्वसंगीताचं काम काय? रडण्याच्या प्रसंगाला व्हायोलिन आणि मारामारीला ढोल, एवढंच? पडद्यावर जे दिसतंच आहे तेच पुन्हा वाजवून दाखवणं सोपं असतं. मला आवडतात ते संगीतकार, जे पडद्यावर न दिसणारं आणि पात्रांना बोलता न येणारं आपल्यापर्यंत पोचवतात.

सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (1955) घ्या. हरिहर बऱ्याच दिवसांनी गावी परततो. लेकीसाठी, दुर्गासाठी, त्यानं साडी आणलेली असते. दुर्गा आता या जगात नाही, हे त्याला ठाऊक नसतं. ती साडी हातात घेऊन आई कोसळते, तोंड उघडून आक्रोश करते. पण तिचा आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. त्या जागी ऐकू येते तारशहनाई. इसराजला कर्णा जोडून केलेलं हे वाद्य उंच सुरात असं काही कळवळतं की प्रत्यक्ष रडणं त्यापुढे फिकं वाटावं. एका आईचं रडणं तिथे सगळ्यांचंच होऊन जातं. हे संगीत पंडित रविशंकर यांचं. त्यांच्याकडे वेळ फार थोडा होता, म्हणून जवळजवळ सगळं ध्वनिमुद्रण रात्रभर बसून एकाच बैठकीत उरकलं गेलं. राहिलेल्या जागेसाठी छायालेखक सुब्रत मित्र यांनी स्वतः सतार वाजवली!

दुसरं उदाहरण हॉलीवूडचं. हिचकॉकच्या ‘सायको’मधला (1960) न्हाणीघरातल्या खुनाचा प्रसंग न पाहिलेल्यांनाही ऐकून माहीत असतो. तो प्रसंग संगीताविना ठेवायचा, असं हिचकॉकनं ठरवलं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमन यांनी तरीही त्यासाठी संगीत लिहिलं. हिचकॉकनं ते ऐकलं आणि आपला विचार बदलला. या संपूर्ण चित्रपटात हरमन यांनी फक्त व्हायोलिन कुळातली, गजानं वाजवायची तंतुवाद्यं वापरली. ना ढोल, ना तुताऱ्या. एरवी प्रेमगीतांना साथ करणारं व्हायोलिन त्या प्रसंगात सुरीसारखं चिरत जातं.

आता आपल्या घरचा ‘शोले’ (1975). जय आणि राधा यांच्यात म्हणण्यासारखे संवाद जवळजवळ नाहीतच. संध्याकाळी तो पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो, ती समोरच्या हवेलीत एकेक दिवा मालवत जाते. त्या दोघांची सगळी प्रेमकथा या सुरावटीत आहे. संगीतकार राहुलदेव बर्मन आणि वादक भानू गुप्ता. बसंतीच्या टांग्यामागे गब्बरची माणसं लागतात तेव्हा जो तबला कडाडतो, तो बनारसच्या पंडित सामताप्रसादांचा. आणि याच चित्रपटात ठाकूरचं कुटुंब मारलं जातं, तेव्हा लक्षात राहते ती झोपाळ्याची करकर. कुठे वाजवायचं हे जसं संगीतकाराला कळावं लागतं, तसंच कुठे थांबायचं हेही.

वादकांची नावं मी मुद्दाम घेतली. आपल्याकडे संगीतकार चाल बांधतो. पण पन्नास-साठ वादकांनी नेमकं काय वाजवायचं, हे कुणीतरी कागदावर स्वरलिपीत उतरवावं लागतं. मुंबईच्या स्टुडिओंत हे काम वर्षानुवर्षं प्रामुख्यानं गोव्याच्या संगीत संयोजकांनी केलं. सेबॅस्टियन डिसोझा शंकर-जयकिशन यांच्याकडे होते. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. ‘अमर अकबर अँथनी’मधल्या (1977) गाण्यामुळे हे नाव देशभर दुमदुमलं; पण त्या नावाचा एक खरा माणूस आहे, 2012 पर्यंत तो हयात होता, हे किती जणांना ठाऊक होतं? त्या काळातल्या असंख्य वादकांची नावं श्रेयनामावलीत आलीच नाहीत. पार्श्वसंगीत तबकडीवर येण्याचं प्रमाणही फार कमी. गाण्याची तबकडी घरोघरी राहिली. पार्श्वसंगीत राहिलं ते फक्त चित्रपटाच्या प्रिंटवर. प्रिंट हरवली की तेही गेलं.

राष्ट्रीय पुरस्कारांत 2009 च्या चित्रपटांपासून गाणी आणि पार्श्वसंगीत यांना नियमितपणे वेगवेगळे पुरस्कार मिळू लागले. त्या वर्षी पार्श्वसंगीताचा मान इळयराजा यांना मिळाला. उशिरा का होईना, हे वेगळं काम आहे याची नोंद झाली. ऐकणारे म्हणून आपण मात्र अजून मागेच आहोत. घरी चित्रपट पाहताना शेवटची नावं सुरू होतात न होतात तोच पडद्यावर पुढच्या चित्रपटाची जाहिरात येते, आणि आपणही बटण दाबून मोकळे होतो.

म्हणून एक सुचवतो. आवडता चित्रपट पुन्हा पाहाल तेव्हा त्यातल्या एखाद्या प्रसंगाला आवाज पूर्ण बंद करा. मग तोच प्रसंग डोळे मिटून फक्त ऐका. कुणी काय काम केलं आहे, ते तिथल्या तिथे कळेल. ‘सैराट’साठी (2016) अजय-अतुल यांनी थेट हॉलीवूडच्या स्टुडिओत जाऊन मोठा वाद्यवृंद वापरला. ते संगीत आपल्याला आर्ची-परश्याबरोबर दोन तास हवेत तरंगत ठेवतं. आणि शेवटी, ते लहानगं मूल दाराबाहेर येतं तेव्हा, काहीही वाजत नाही. थिएटरमधली ती शांतता अंगावर येते, कारण तोवर कान सुरांना सरावलेले असतात. तीही संगीताचाच भाग आहे.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित अंश)