उतारवयातील केस : ताटातील लोह आणि न्हाणीतील पाणी

डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात आणि त्यांतील प्रत्येकाचे मूळ स्वतःच्या वेळापत्रकाने चालते. दोन ते सहा वर्षे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, नंतर दोन-तीन आठवड्यांत त्याची वाढ थांबते, पुढे सुमारे तीन महिने तो मुळाशी नुसता टिकून राहतो आणि अखेर गळून त्याच्या जागी नवा केस येतो. म्हणूनच दिवसाला 50 ते 100 केस गळणे हे आजाराचे लक्षण मानले जात नाही. वयाबरोबर वाढीचा काळ आखूड होतो, नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो, त्वचेतील तेलग्रंथींचा स्राव घटल्याने तो कोरडा पडतो, आणि मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींचा मुळाशी असलेला साठा संपत आला की केस पांढराच उगवतो. स्त्रियांचा भांग पाळी थांबल्यानंतर रुंद दिसू लागतो, त्यामागे हेच बदल आणि संप्रेरकांची घट असते. यातील आनुवंशिक भाग कोणत्याही पाल्याने वा तेलाने थांबत नाही, हे आधीच स्पष्ट सांगणे आवश्यक आहे. तरीही उतारवयातील केसगळतीचा काही भाग वयाचा नसून पोषणाचा असतो, आणि तो भरून काढता येतो.

आयुर्वेदाने केसांना अस्थिधातूचा मल म्हटले, म्हणजे शरीराच्या पोषणक्रमात निर्माण होणारा उपपदार्थ मानले. आधुनिक शरीरशास्त्राची मांडणी वेगळी असली, तरी केसाचे मूळ रक्तातून पोसले जाते, याविषयी तिचेही दुमत नाही. मुळाशी पेशींचे विभाजन अतिशय वेगाने होते, त्यासाठी लोह लागते, आणि शरीरातील लोह कमी पडले की वाढीच्या अवस्थेतील केस वेळेआधीच विश्रांतीच्या अवस्थेत जाऊ शकतात. महाराष्ट्रातील 15 ते 49 वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळतो, असे पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाने नोंदवले आहे. चाळिशीनंतर केसांची तक्रार घेऊन येणाऱ्या अनेकींच्या मागे ही जुनी उणीव असते.

या प्रश्नावर अहिल्यानगर जिल्ह्याच्या मातीतच एक उत्तर आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने आपल्या धुळे येथील केंद्रातून ‘फुले महाशक्ती’ हे बाजरीचे संकरित वाण 2018 मध्ये दिले. त्याच्या किलोभर धान्यात सुमारे 87 मिलिग्रॅम लोह असते, तर प्रचलित वाणांमध्ये ते 45 ते 50 मिलिग्रॅम असते. त्याआधीच्या ‘धनशक्ती’ या लोहसमृद्ध वाणाची भाकरी महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील 12 ते 16 वर्षांच्या मुलामुलींना देऊन केलेला अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. आरंभी लोहाची कमतरता असलेल्यांमध्ये ती सहा महिन्यांत भरून निघण्याची शक्यता साध्या बाजरीच्या तुलनेत 1.64 पट आढळली. हा अभ्यास केसांवरचा नव्हता. परंतु केसांना लागणारे लोह ज्या साठ्यातून येते, तो साठा भाकरीने वाढतो, एवढे त्यातून निश्चित दिसते. बाजरीतील फायटेट नावाचा घटक लोहाचे शोषण रोखतो आणि ‘क’ जीवनसत्त्व तो अडथळा कमी करते, म्हणून भाकरीबरोबर श्रीगोंद्याच्या कागदी लिंबाची फोड असावी आणि जेवणावर लगेच चहा नसावा.

केस हा मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असल्याने दुसरी गरज प्रथिनांची आहे. दात पडल्यावर भाकरी सुटते, हुलगे-मटकीची उसळ चाववत नाही, आणि पुष्कळ वृद्धांचा आहार चहा-बिस्किटे व मऊ भातावर येऊन ठेपतो. घरातील इतरांच्या हे लवकर ध्यानातही येत नाही. अशा वेळी हुलग्याचे माडगे, मुगाची घट्ट आमटी, दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी आणि चालत असल्यास उकडलेले अंडे हे कोणत्याही केशवर्धक तेलापेक्षा उपयोगी ठरते.

बाहेरून घ्यायच्या काळजीत पाण्याचा विचार सहसा होत नाही. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियमचे क्षार अधिक असतात, आणि प्रवरा खोऱ्यातील कालव्याखालच्या पट्ट्यात भूजलाच्या क्षारतेची समस्या जुनी आहे. साध्या साबणाचा या क्षारांशी संयोग होऊन न विरघळणारा चिकट थर तयार होतो, तो केसांवर बसतो आणि मुळातच कोरडे झालेले केस राठ होऊन तुटतात. सह्याद्रीच्या जंगलात काटेरी वेलीवर येणारी शिकेकाई आणि रिठा यांतील सॅपोनिन हे फेस आणणारे द्रव्य असा थर बनवत नाही, त्यामुळे जड पाण्यातही ते केस स्वच्छ करते. शिकेकाईच्या शेंगा फोडून बिया काढाव्यात, सुका आवळा व थोडा रिठा घालून रात्रभर भिजवाव्यात, सकाळी उकळून पाणी सुती कापडातून गाळावे आणि कोमट झाल्यावर डोळे मिटून वापरावे, ही घरोघरीची रीत आजही योग्य आहे.

तेलाविषयी अपेक्षा मर्यादित ठेवाव्यात. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील संशोधकांनी 2003 मध्ये दाखवून दिले की खोबरेल केसाच्या आत शिरते आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करते, तर सूर्यफुलाच्या व खनिज तेलाने तसे होत नाही. कंपनी स्वतः खोबरेल विकणारी आहे, हे लक्षात घेऊनही हा निष्कर्ष उपयुक्त आहे, कारण न्हाण्याआधी तेल लावण्याच्या रीतीला त्याचा आधार मिळतो. बांधावर आणि पाटाच्या कडेला उगवणारा माका तेलात कढवण्याची परंपरा आदराची आहे, मात्र पिकलेला केस त्याने मुळातून काळा होत नाही. लोखंडी कढईत आवळा कढवला की काळे होणारे मिश्रण हा आवळ्यातील टॅनिन व लोह यांच्या संयोगाचा परिणाम असतो, आणि तो रंग केसावर फक्त वरून चढतो.

खरी मेंदी केसांना तांबूस रंग देते. जी ‘काळी मेंदी’ काही मिनिटांत केस काळेभोर करते, तिच्यात बहुधा पॅराफेनिलिनडायअमिन हे रसायन असते, आणि त्याने चेहरा सुजण्यापर्यंत तीव्र अॅलर्जी होऊ शकते. म्हणून पुडीवरील घटक वाचल्याशिवाय ती वापरू नये. केस चट्ट्याचट्ट्याने जात असतील, टाळूला खवले धरत असतील किंवा मोठ्या तापानंतर दोन-तीन महिन्यांनी सुरू झालेली गळती सहा महिन्यांतही थांबत नसेल, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. हिमोग्लोबिनची तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. ती, आणि डॉक्टरांनी सांगितल्यास थायरॉइडची तपासणी, तेलाची महागडी बाटली विकत घेण्याआधी करून घ्यावी.