खिशातली वीज

वसई-विरारचा पावसाळा तुम्हांला नवा नाही. जुलै २०१८ मध्ये येथे काही दिवस सतत मुसळधार पाऊस पडला. नालासोपाऱ्याजवळ रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले. लोकलगाड्या बंद पडल्या. सखल वस्त्यांत पाणी शिरले आणि अनेक भागांतील वीज गेली. पुढे मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याजवळून गेले. तेव्हाही झाडे कोसळली, तारा तुटल्या आणि कितीतरी घरे अंधारात राहिली.

अशा वेळी दिव्याइतकीच मोबाइल फोनची गरज भासते. कामावर गेलेले अब्बा कोठे अडकले आहेत, हे फोनवरूनच कळते. मदतही फोनवरूनच मागता येते. पण फोनची बॅटरी संपली तर? म्हणून आता अनेक घरांत पॉवर बँक असते. पॉवर बँक म्हणजे वीज साठवून ठेवणारी छोटी पेटी. घरात वीज असताना ती भरून ठेवायची आणि वीज गेली की तिच्यावर फोन भरायचा.

वसई, नालासोपारा, विरार अशा कोणत्याही स्टेशनाबाहेरच्या दुकानात जा. तेथे पॉवर बँका रांगेने मांडलेल्या दिसतील. एकीच्या खोक्यावर १०,००० हा आकडा असतो, दुसरीच्या खोक्यावर २०,०००, तर एखादीवर चक्क ५०,०००! मोठा आकडा आणि कमी किंमत पाहून आपण भुलतो. खरी माहिती मात्र त्याच खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली असते. ती वाचायला आपण शिकू या.

प्रथम आकड्यांचा अर्थ समजून घेऊ. आपल्या इमारतीच्या गच्चीवर पाण्याची टाकी असते. टाकीत किती पाणी मावते, ही तिची क्षमता. टाकी जितकी उंच, तितका पाण्याचा दाब अधिक. आणि नळातून एका मिनिटात किती पाणी येते, हा पाण्याचा वेग. विजेचेही असेच आहे. पॉवर बँकेची क्षमता मिलिअँपिअर-अवरमध्ये सांगतात. खोक्यावरचा मोठा आकडा तोच. विजेचा दाब व्होल्टमध्ये मोजतात. आणि वीज किती वेगाने मिळते, ते वॉटमध्ये मोजतात.

नुसत्या क्षमतेच्या आकड्यावरून साठा कळत नाही. क्षमतेला दाबाने गुणावे लागते. पॉवर बँकेच्या आत लिथियम-आयन बॅटरी असते. तिचा दाब साधारण ३.७ व्होल्ट असतो. १०,००० मिलिअँपिअर-अवर म्हणजे १० अँपिअर-अवर. १० गुणिले ३.७ म्हणजे ३७. म्हणून अशा पॉवर बँकेत ३७ वॉट-अवर एवढी ऊर्जा मावते. २०,००० च्या पॉवर बँकेत ७४ वॉट-अवर मावते.

आता एक गंमत पाहा. आतल्या बॅटरीचा दाब ३.७ व्होल्ट, पण फोनला जाणारी वीज निदान ५ व्होल्टची लागते. म्हणजे पाणी वरच्या मजल्यावर चढवण्यासारखेच झाले. त्यासाठी पंप लागतो आणि पंपाला खर्च येतो. पॉवर बँकेतही दाब वाढवणारे एक छोटे यंत्र असते. हे काम करताना काही ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया जाते. म्हणूनच पॉवर बँक वापरताना थोडी गरम होते.

यामुळे १०,००० च्या पॉवर बँकेतून ५ व्होल्टच्या दाबाने सुमारे ६,००० मिलिअँपिअर-अवर वीजच बाहेर मिळते. हा दुसरा आकडा खोक्यावर किंवा पेटीच्या पाठीवर 'रेटेड कपॅसिटी' या नावाने बारीक अक्षरांत दिलेला असतो. तो मोठ्या आकड्यापेक्षा कमी असला, म्हणून दुकानदाराने आपल्याला फसवले असे समजू नका. तो छापलेलाच नसेल किंवा फारच कमी असेल, तर मात्र सावध व्हा.

समजा, तुमच्या फोनची बॅटरी ५,००० ची आहे. १०,००० च्या पॉवर बँकेवर तो दोनदा भरेल असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात तो एकदा पूर्ण भरतो आणि वर थोडासा भरतो. एका घरात दोन-तीन फोन असतील, तर २०,००० ची पॉवर बँक घेणे बरे.

आणि ते ५०,००० चे काय? एवढा साठा खरोखर असेल, तर ती पेटी चांगली मोठी असते आणि तिचे वजन जवळजवळ एक किलो भरते. १०,००० ची पॉवर बँक साधारण २०० ग्रॅमची असते. खोक्यावर ५०,००० लिहिले आहे, पण वस्तू तळहातात मावते आणि हलकी लागते, असे दिसले तर तो आकडा खोटा आहे हे ओळखा. बाजारात भाजी घेताना आपण ती हातात घेऊन पाहतो. येथेही तसेच करा.

आता लॅपटॉपचा विचार करू. तुमची आपा किंवा भाईजान रोज लोकलने मुंबईला कॉलेजात जात असतील. त्यांना लॅपटॉपही पॉवर बँकेवर भरायचा असतो. येथे नुसती क्षमता उपयोगी नाही. साध्या पॉवर बँकेतून १० ते २० वॉट एवढीच वीज मिळते. बहुतेक लॅपटॉपना ४५ किंवा ६५ वॉट लागतात आणि दाबही बहुधा २० व्होल्टचा लागतो. तळमजल्यावरच्या टाकीतून चौथ्या मजल्याच्या नळाला पाणी येईल का? तसेच हे.

मग काय करावे? लॅपटॉपच्या चार्जरवरची बारीक अक्षरे वाचा. तेथे 'आउटपुट' या शब्दापुढे व्होल्ट आणि अँपिअर दिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार करा. २० व्होल्ट आणि ३.२५ अँपिअर असेल, तर उत्तर ६५ वॉट. टाइप-सी जोडणीतून तेवढेच वॉट देणारी पॉवर बँक शोधा. अशा पॉवर बँकेवर 'पीडी' ही अक्षरे असतात. आणखी दोन गोष्टी तपासा. लॅपटॉप टाइप-सी जोडणीतून भरता येतो ना? गोल पिनेचे जुने लॅपटॉप आणि काही नवे लॅपटॉपही तसे भरता येत नाहीत. दुसरे म्हणजे, केबल योग्य आहे ना? साधी टाइप-सी केबल ३ अँपिअरपर्यंतच वीज नेते. ६५ वॉटसाठी ५ अँपिअरची केबल लागते. एवढे सगळे जुळले, तरी २०,००० च्या पॉवर बँकेवर साधारण लॅपटॉप जेमतेम एकदाच भरतो, हे लक्षात ठेवा.

घरात कोणी हजला किंवा उमऱ्याला निघाले असेल, तर आणखी एक नियम माहीत असावा. विमानात पॉवर बँक मोठ्या बॅगेत ठेवून चालत नाही. ती जवळच्या पिशवीतच ठेवावी लागते आणि सामान्यतः १०० वॉट-अवरपर्यंतचीच नेता येते. २०,००० ची पॉवर बँक ७४ वॉट-अवरची, म्हणून ती चालते. ५०,००० ची किती वॉट-अवर होईल, याचा हिशेब तुम्हीच करा.

हा नियम का केला असेल? लिथियम-आयन बॅटरी १९९१ मध्ये प्रथम बाजारात आली. ती घडवण्यासाठी जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तीन शास्त्रज्ञांना २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. या बॅटरीत थोड्या जागेत पुष्कळ ऊर्जा मावते. हाच तिचा गुण आणि हाच तिचा धोका. तिच्या दोन भागांमध्ये एक पातळ पडदा असतो आणि आतला द्रव पेट घेणारा असतो. पडदा फाटला किंवा बॅटरी फार तापली, तर आग लागू शकते.

बॅटरीकडे दुर्लक्ष केले तर काय होते, हे वसईने पाहिले आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये येथील एका घरात विजेवर चालणाऱ्या स्कूटरची बॅटरी चार्जिंगला लावली होती. तिचा स्फोट झाला आणि त्यात भाजलेल्या एका लहान मुलाचा मृत्यू झाला. स्कूटरची बॅटरी पॉवर बँकेपेक्षा कितीतरी मोठी असते. तरीही काळजी दोन्हींची घ्यावी लागते.

म्हणून पॉवर बँक घेताना तिच्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह आहे का, ते पाहा. चिन्हाजवळ इंग्रजी 'आर' हे अक्षर आणि त्यापुढे नोंदणी क्रमांक असतो. तो खरा आहे की नाही, हे ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल ॲपवर तपासता येते. ज्या वस्तूवर ना चिन्ह, ना बनवणाऱ्याचे नाव, ती कितीही स्वस्त असली तरी घेऊ नये.

वापरतानाही सांभाळा. उशीखाली किंवा पांघरुणात ठेवून ती चार्ज करू नका. उन्हात, चुलीजवळ ठेवू नका. भिजली असेल तर वापरू नका. पेटी फुगलेली दिसली, तर वापर त्याच क्षणी थांबवा. ती टोचू नका, दाबू नका आणि घरच्या कचऱ्यात टाकू नका. कचऱ्याच्या गाडीत ती चेपली, तर गाडीलाच आग लागू शकते. जुन्या बॅटऱ्या आणि विजेच्या वस्तू गोळा करणाऱ्या केंद्रावरच ती द्या.

एक गोष्ट मात्र कोणत्याही खोक्यावर छापलेली नसते. २०,००० ची पॉवर बँक साध्या १० वॉटच्या चार्जरवर भरायला आठ-दहा तास लागतात. तेव्हा वीज गेल्यावर तिची आठवण काढून उपयोग नाही. वादळाची किंवा अतिवृष्टीची सूचना रेडिओवर, दूरदर्शनवर ऐकलीत, की त्याच दिवशी ती भरून ठेवा. घरातील वडीलधाऱ्यांना बारीक अक्षरे दिसत नसतील, तर तुम्ही ती वाचून दाखवा.