प्रक्षेप्य गती व वर्गसमीकरण

प्रक्षेप्य गती व वर्गसमीकरण : आरंभी वेग देऊन सोडल्यावर केवळ गुरुत्वाकर्षणाच्या प्रभावाखाली जाणाऱ्या वस्तूस प्रक्षेप्य म्हणतात. हवेचा रोध नसल्यास तिचा मार्ग अन्वस्ताकार असतो, हे गॅलिलिओ यांनी १६३८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात दाखविले. आडवा वेग अचल राहतो, तर उभा वेग एकसारख्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे उंचीच्या सूत्रात आडव्या अंतराचा वर्ग येतो व लक्ष्यवेधाचा प्रश्न वर्गसमीकरणावर येऊन ठेपतो.

नाशिकजवळील देवळाली येथे भारतीय लष्कराचे तोफखाना विद्यालय असून तेथे ९ नोव्हेंबर २०१८ रोजी एम-७७७ व के-९ वज्र या तोफा लष्करात दाखल करण्यात आल्या. तोफेच्या माऱ्यात आरंभवेग व लक्ष्याचे अंतर ज्ञात असून नळीचा कोन काढावयाचा असतो. आरंभवेग व, गुरुत्व प्रवेग ग, आडवे अंतर क्ष, उंची य आणि आरंभदिशेचा चढ (उभा वेग भागिले आडवा वेग) त मानल्यास

य = त क्ष − ग क्ष² (१ + त²) ÷ २व²

हे त चे वर्गसमीकरण होय. उदा., व = सेकंदास २०० मी., ग = १० मी./से.² व तोफेच्याच पातळीवरील लक्ष्य ३,२०० मी. दूर असल्यास समीकरण २त² − ५त + २ = ० असे होते. त्याची मुळे १/२ व २, म्हणजे कोन सुमारे २६.६° व ६३.४° येतात. दोन्ही कोनांनी गोळा त्याच ठिकाणी पडतो. मात्र मध्यावर त्याची उंची अनुक्रमे ४०० मी. व १,६०० मी. असते. वाटेत मध्यावर ५०० मी. उंचीचा डोंगर असेल, तर पहिले मूळ निरुपयोगी ठरते. डोंगराळ प्रदेशात मोठ्या कोनाचा मारा याच कारणाने आवश्यक होतो.

अंतर ४,००० मी. असता दोन्ही मुळे एक होऊन कोन ४५° येतो. हा कमाल पल्ला होय. ५,००० मी. अंतरास विवेचक ऋण होतो, म्हणजे लक्ष्य पल्ल्याबाहेर असते. गणिताने दिलेले प्रत्येक मूळ व्यवहारात ग्राह्य असतेच असे नाही. बाराव्या शतकात भास्कराचार्यांनीही बीजगणित या ग्रंथातील एका उदाहरणात अर्थाशी विसंगत मूळ त्याज्य ठरविले आहे.

प्रत्यक्षात हवेचा रोध, वारा, हवेचे तापमान व गोळ्याचे परिभ्रमण यांमुळे मार्ग अन्वस्तापासून ढळतो. म्हणून तोफखान्यात मारा-कोष्टके व संगणक वापरतात. तथापि दोन कोनांतून योग्य कोन निवडण्याचा मूळ प्रश्न तोच राहतो.