नळ कोरडा असतो तेव्हा

नांदेडच्या नळाला मुख्यतः गोदावरीचे पाणी येते आणि लातूरच्या नळाला मांजरेचे. नांदेड शहराच्या वरच्या अंगाला विष्णुपुरी प्रकल्पाचा जलाशय आहे, शिवाय आसना नदीवरच्या सांगवी बंधाऱ्याचाही शहराला आधार असतो. लातूरचे धरण मात्र लातूर जिल्ह्यात नाही. मांजरा प्रकल्प बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यात, धनेगावला आहे. उदगीर आणि अहमदपूर लिंबोटीच्या धरणावर विसंबून आहेत, तर औसा माकणीच्या निम्न तेरणा प्रकल्पावर. स्रोत निरनिराळे असले तरी या भागातल्या बहुतेक गावांची एक गोष्ट सारखी आहे: नळाला रोज पाणी येत नाही. कुठे ते दोन दिवसांआड सुटते, कुठे चार दिवसांआड, आणि उन्हाळा कडक असेल तर आठ-दहा दिवसांनी. पाणी कमी पडते ही तक्रार घराघरात ऐकू येते. मिळते तेवढे पाणीही याच खंडामुळे असुरक्षित होते, याची चर्चा मात्र फार कमी होते.

धरणातले पाणी कधीच थेट पिण्याजोगे नसते. मराठवाड्याच्या काळ्या मातीचे कण अतिशय बारीक असतात. पहिल्या पुराबरोबर ते जलाशयात उतरतात आणि एकमेकांना दूर लोटत असल्यामुळे दिवसेंदिवस तळाशी बसत नाहीत. जलशुद्धीकरण केंद्रात तुरटी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइड घातले की हे कण एकत्र येतात, त्यांचे जड पुंजके बनतात आणि ते खाली बसतात. उरलेला गाळ वाळूच्या थरात अडकतो. तुरटी किती घालायची हे पाण्याच्या गढूळपणाप्रमाणे रोज, पुराच्या काळात तर दिवसातून अनेकदा, नमुना घेऊन ठरवावे लागते. उन्हाळ्यात अडचण उलटी असते. धरण तळाला गेले की खालच्या थरातले पाणी उचलावे लागते. तिथे प्राणवायू कमी असतो, गाळातले लोह आणि मँगनीज पाण्यात विरघळते, आणि नळाला पिवळसर, वासाचे पाणी येते. असे पाणी पाहून लोक घाबरतात आणि ते साहजिक आहे. तरीही सर्वांत घातक पाणी बहुधा स्वच्छ दिसते. काविळीच्या विषाणूला रंग नसतो आणि वासही नसतो.

गाळलेल्या पाण्यात शेवटी क्लोरीन घालतात. मोठ्या केंद्रात ते वायुरूपात असते, लहान गावात टीसीएल (ब्लीचिंग) पावडरीच्या रूपात. क्लोरीनची दोन कामे आहेत. पहिले काम केंद्रातच उरकते: पाण्यातले जंतू मारणे. दुसरे काम पुढच्या सगळ्या प्रवासाचे आहे. थोडे क्लोरीन पाण्यात शिल्लक राहिले, तर वाटेत शिरलेली किरकोळ घाण ते निकामी करते. भारतीय मानक आयएस १०५०० नुसार हे शिल्लक क्लोरीन दर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम असायला हवे, आणि विषाणूंपासून संरक्षण हवे असेल तर ०.५ मिलिग्रॅम. आकडा लहान वाटतो, पण केंद्रापासून दूर असलेल्या शेवटच्या गल्लीतल्या नळापर्यंत तो टिकवणे हे पाणीपुरवठ्याचे सर्वांत अवघड काम आहे.

अवघड अशासाठी की पाइप बहुतेक वेळ रिकामा असतो. पाइपात पाणी दाबाने वाहत असेल, तर फुटक्या सांध्यातून पाणी बाहेर येते. त्याने पाणी वाया जाते, पण बाहेरची घाण आत शिरत नाही. व्हॉल्व बंद झाला की दाब संपतो. उताराकडचे नळ पाइपातले उरलेसुरले पाणी ओढून घेतात, आत पोकळी तयार होते आणि त्याच सांध्यातून बाहेरचे पाणी आत खेचले जाते. बाहेर काय असते हे कोणत्याही जुन्या वस्तीत दिसते. अरुंद गल्लीत नळाची लाइन आणि नाली शेजारी-शेजारी जातात. कित्येक ठिकाणी घराकडे जाणारा पाइप नालीच्या पोटातूनच गेलेला असतो, आणि गंजलेला जोड नेमका तिथे असतो. चार दिवस ती नाली त्या जोडावरून वाहते. पाचव्या दिवशी पाणी सुटते, तेव्हा आत साचलेले सगळे पहिल्या लोटाबरोबर कुणाच्या तरी हंड्यात उतरते. म्हणून पाणी सुटल्यावर सुरुवातीचे पाणी धुण्याभांड्यांना वापरावे आणि पिण्याचे नंतर भरावे, ही अनेक घरांतली सवय अगदी योग्य आहे.

नळाला थेट मोटार लावण्याने हा धोका वाढतो. दाब कमी म्हणून एक घर मोटार लावते, मग शेजारच्याला धारच येत नाही म्हणून तोही लावतो. मोटार पाणी ओढते, तसा पाइपावर शोषही निर्माण करते. मग भर पाणीपुरवठ्याच्या वेळेतसुद्धा फुटक्या जोडातून नालीचे पाणी आत येऊ शकते. मोटारी जप्त करण्याच्या मोहिमा पालिका अधूनमधून काढतात, परंतु दाब सुधारल्याशिवाय त्या टिकत नाहीत.

सांडपाणी आणि पिण्याचे पाणी एकत्र आले म्हणजे काय होते, याचा देशातला मोठा धडा १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीने दिला. यमुनेच्या पात्रातल्या बदलामुळे शहराचे सांडपाणी वझिराबादच्या पाणी उचलण्याच्या जागेपर्यंत मागे आले. धोका ओळखून क्लोरीन वाढवले गेले, त्यामुळे विषमज्वर आणि पटकीची साथ आली नाही. काविळीची मात्र आली, आणि सुमारे २९ हजार लोकांना ती झाली. साध्या जिवाणूंना पुरेसे ठरलेले क्लोरीन विषाणूला पुरले नव्हते. हा विषाणू हिपॅटायटिस ई प्रकारचा होता हे पुढे अनेक वर्षांनी स्पष्ट झाले. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो विशेष घातक असतो; अशा बाधित स्त्रियांपैकी पाचव्या ते चौथ्या हिश्श्यापर्यंत मृत्यू होऊ शकतात. महाराष्ट्रात २०१२ मध्ये इचलकरंजीला काविळीची मोठी साथ आली, तेव्हा बळी गेलेल्यांचे दुःख शहर अजून विसरलेले नाही.

खेड्यांत नळ नसला किंवा नळाच्या मुळाशी विहीर असली, तर साखळी छोटी असते पण कच्चीही असते. नांदेड जिल्ह्याच्या नायगाव तालुक्यातल्या मुगाव तांड्यावर २०२४ च्या जूनअखेरीस विहिरीचे दूषित पाणी पिऊन नव्वदहून अधिक लोक आजारी पडले. पावसाच्या तोंडावर असे प्रकार वाढतात, कारण पहिल्या सरी जमिनीवरची घाण उघड्या विहिरीत नेतात. टीसीएल पावडर त्या वेळी हाताशी हवी आणि ती जिवंतही हवी. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. ऊन, दमट हवा आणि उघडे पोते यांमुळे ते झपाट्याने उडते. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ठेवलेल्या पावडरीकडून जूनमध्ये काही अपेक्षा करणे चूक आहे. २० टक्क्यांखालची पावडर वापरू नये, असा राज्यातला दंडक आहे. ग्रामपंचायतींची अशी सगळी व्यवस्था पावसाळ्याआधी आणि नंतर तपासली जाते, आणि जोखमीप्रमाणे त्यांना लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे हे विचारण्याचा हक्क प्रत्येक गावकऱ्याला आहे, आणि तो त्याने वापरायला हवा.

नांदेडच्या पूर्वेकडे बेसाल्ट संपून ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागतो. त्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात फ्लोराइड आढळते. मानकाप्रमाणे ते लिटरमागे १ मिलिग्रॅमच्या आत असावे आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत चालते. त्यापुढे वर्षानुवर्षे प्यायल्यास मुलांचे दात डागाळतात आणि मोठ्यांची हाडे आखडतात. उकळून किंवा क्लोरीन घालून फ्लोराइड जात नाही.

लातूरने २०१६ मध्ये टंचाईचे टोक पाहिले. मार्चमध्ये पाणी वाटपाच्या ठिकाणांभोवती जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिलला मिरजेहून पहिली पाणी रेल्वे आली, १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन. पुढे ५० वाघिणींची गाडी एका खेपेला २५ लाख लिटर आणू लागली. तेलाच्या त्या वाघिणी आधी कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुतल्या गेल्या होत्या. तरीही नदी, वाघीण, शुद्धीकरण, टँकर, ड्रम आणि घरचा हौद असा तो प्रवास होता. पाणी जितक्यांदा भांडे बदलते, तितक्यांदा त्यात हात, दोरी, नळी आणि धूळ शिरते.

घरचा साठा हा त्याच प्रवासाचा शेवटचा आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा. उघड्या हौदात, उन्हात, शिल्लक क्लोरीन एक-दोन दिवसांत नाहीसे होते. आठ दिवस पुरवायचे पाणी त्यामुळे सहा दिवस कोणत्याही संरक्षणाविना असते. त्यातच डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि उष्ण हवेत आठ-दहा दिवसांत पूर्ण वाढतो. आरोग्य खाते आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायला, म्हणजे सगळी भांडी रिकामी करून घासायला सांगते. सल्ला बरोबर आहे, पण आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या घरातल्या बाईला तो पाळता येण्याजोगा नाही. तिने पिण्याचे पाणी वेगळ्या, तोटीच्या आणि घट्ट झाकणाच्या भांड्यात ठेवावे, हौदावर कापड बांधावे आणि शंका असेल तेव्हा पाणी खळखळ उकळू द्यावे, एवढे नक्की करता येते. उकळी फुटल्यावर एक मिनिट पुरते.

नळावरचा विश्वास उडाला तसा गल्लोगल्ली जारचा धंदा वाढला. विक्रेते ग्राहकापुढे टीडीएस मीटर बुडवून कमी आकडा दाखवतात. हा आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो, जंतूंचा नव्हे. टीडीएस पन्नास असलेल्या पाण्यात पटकीचे जंतू खुशाल असू शकतात. आरओ यंत्रातून पाणी जाताना क्लोरीनही निघून जाते, मग धुतला न गेलेला जार ते पुन्हा दूषित करू शकतो. कडक क्षाराच्या बोअरच्या पाण्यासाठी आरओ उपयोगी आहे. नदीच्या नीट शुद्ध केलेल्या पाण्याला त्याची बहुधा गरज नसते.

पाणी खरोखर कसे आहे ते तपासणीवरूनच कळते. सर्वांत सोपी तपासणी ओटी टेस्ट. नळीतल्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो आणि पट्टीशी तो जुळवून प्रमाण कळते. हे रसायन अपायकारक असल्यामुळे तपासलेले पाणी फेकून द्यावे लागते. जंतूंसाठी नमुना निर्जंतुक बाटलीत घेऊन प्रयोगशाळेत पाठवतात. पिण्याच्या १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय एकही सापडता कामा नये. नमुने कुठून घेतात याला फार महत्त्व आहे. जलकुंभाखालच्या नळाचा नमुना जवळपास नेहमीच चांगला येतो.

खंडित पुरवठ्याला पर्याय नाही असे मानण्याचे कारण नाही. साताऱ्यातल्या कराडजवळच्या मलकापूर या लहानशा गावाने २००९ च्या सुमारास महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाच्या योजनेतून चोवीस तास पाणी सुरू केले, नवे पाइप घातले आणि घरोघरी मीटर बसवले. पाइप कायम दाबाखाली राहिला की शोषाचा प्रश्नच मिटतो. मांजरेवरच्या लातूरला पावसाची साथ नसेल तेव्हा हे जमणार नाही, हेही खरे. पण नांदेड आणि लातूरच्या कोणत्याही प्रभागाला आजच करता येण्याजोगे एक काम आहे: पाणी सुटल्यावर लाइनवरच्या पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या नळावर ओटी टेस्ट करून तिन्ही आकडे फलकावर लिहिणे. ज्या दोन नळांच्या मध्ये रंग अचानक फिका पडतो, त्यांच्या दरम्यान कुठेतरी जोड फुटलेला असण्याचा संशय घ्यावा, आणि खोदाई तिथूनच सुरू करावी.