विश्लेषण : ऑनलाइन गटप्रकल्पाचा भार एकाच्याच गळ्यात का पडतो?

नोकरी आणि घर सांभाळून ऑनलाइन पदविका करणाऱ्यांना हे चित्र ओळखीचे वाटेल. पाच जणांचा गट, प्रकल्प रविवारी रात्रीपर्यंत द्यायचा, आणि शनिवारपर्यंत व्हॉट्सॲपवर नुसते अंगठे. शेवटी एक जण जागरण करून सगळे लिहितो. गुण मात्र पाचही जणांना सारखेच.

हा निव्वळ आळस आहे का?

नाही. फ्रेंच कृषी अभियंता मॅक्स रिंगेलमन यांनी माणसांना दोर ओढायला लावून जोर मोजला. १९१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या आकड्यांनुसार, आठ जणांच्या गटात प्रत्येकाचा जोर एकट्याने ओढतानाच्या जवळपास निम्माच भरला. सगळ्यांचा हिसका एकाच क्षणी बसत नाही, हे एक कारण. दुसरे कारण १९७९ मध्ये अमेरिकेत बिब लाताने आणि सहकाऱ्यांनी दाखवले : आपल्यासोबत इतरही ओरडताहेत असे नुसते वाटले, तरी माणूस कमी जोराने ओरडतो. पण प्रत्येकाचा आवाज वेगळा मोजला जातोय हे कळले, की ही कसर उरत नाही, असे त्यांच्याच १९८१ च्या प्रयोगांत दिसले.

मोठ्या वयात अडचण कुठे वाढते?

वेळेत. कॉलेजातली मुले कॅन्टीनमध्ये भेटून काम उरकतात. इथे एकाची रात्रपाळी, दुसरीची मुले दहानंतर झोपणार. शिवाय गप्प बसलेला सहकारी अडकलाय की अंग चोरतोय, हे पडद्यावर कळत नाही. संशय तिथूनच सुरू होतो.

मग करायचे काय?

‘मीटिंग घ्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो आणि या मंडळींना तोच सर्वांत कमी उपयोगी. त्यापेक्षा तीन-चार जणांचा गट, पहिल्याच आठवड्यात नाव आणि तारखेसह कामाची वाटणी, आणि सगळ्यांनी एकाच गुगल डॉक्समध्ये लिहिणे बरे. तिथल्या ‘व्हर्जन हिस्टरी’त कोणी कधी काय लिहिले ते दिसते. अर्थात शब्द मोजून कष्ट मोजता येत नाहीत. चार जणांची ठिगळे जोडून एकसंध मजकूर करणाऱ्याचे नाव वाटणीत आधीच हवे.

बाकीचे शिक्षकांच्या हाती आहे. काही गुण वैयक्तिक भागासाठी राखून ठेवणे, आणि कोणी गायब असल्यास ते कधीपर्यंत कळवायचे, याची तारीख प्रकल्पाच्या सूचनेतच छापणे.