गाठीतला गुलाबी रंग

या लेकरांनो, बसा ऐसपैस, आज आपल्याच मातीतली एक नवलाई सांगतो. हिंगोलीहून वाशीमला जाताना कनेरगाव नाका लागतो, तिथं श्रावणात बघावं तिकडं सोयाबीनच सोयाबीन. त्यातलं फुलावर आलेलं एखादं झाड खुरप्यानं हळूच मातीसकट काढा, हिसका मारू नका, नाहीतर खरी गंमत मातीतच राहते, आणि मुळं पाण्यात खळबळून घ्या. मुळांवर बारीक बारीक गाठी दिसतील. आमच्याकडं पहिल्यांदा सोयाबीन पेरलं तेव्हा शेजारचे एक काका त्या बघून घाबरले, त्यांना वाटलं मुळाला रोगच लागला. तसं नाही बरं. गाठ नखानं फोडा; आत गुलाबी निघाली तर समजा, काम जोरात चालू आहे.

काम कसलं? तर हवेतला नत्र पकडायचं. हवेत शंभरात ७८ भाग नत्र, पण त्याचे दोन अणू एकमेकांना असे घट्ट धरून बसलेले, की खताच्या कारखान्यात त्यांना फोडून अमोनिया करायला ४०० ते ५०० अंश उष्णता आणि हवेच्या शेदोनशे पट दाब लागतो. आणि या गाठीतले डोळ्यांना न दिसणारे रायझोबियम जिवाणू तेच काम गार मातीत, गुपचूप करतात! त्यांच्याजवळ नायट्रोजिनेज नावाचं विकर आहे, लोह आणि मॉलिब्डेनम पोटात घेतलेलं. मोठं नाजूक प्रकरण; प्राणवायू लागला की खलास. पण जिवाणूला जगायला तर प्राणवायू हवाच, मग करायचं काय? तर झाड तिथं आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्याच गोतातलं एक प्रथिन तयार करतं, ते प्राणवायू धरून ठेवतं आणि जिवाणूला बेताबेतानं पुरवतं. गाठीचा गुलाबी रंग त्याचाच. सगळा मामला बटाईच्या शेतीसारखा: झाडानं साखर द्यायची, जिवाणूनं नत्र.

हे जिवाणू हॉलंडच्या बायरिंकनं १८८८ साली वेगळे काढले, आणि सोयाबीनच्या जिवाणूचा अख्खा जनुकसंच जपानी शास्त्रज्ञांनी २००२ साली वाचला. ९१ लाख अक्षरांचा निघाला. त्यात गाठ बांधायची आणि नत्र पकडायची बरीचशी जनुकं एकाच पट्ट्यात शेजारी शेजारी नांदताना सापडली. त्याहून नवल न्यूझीलंडात घडलं: तिथं एका चाऱ्याच्या पिकाला बाहेरून आणलेला जिवाणू लावला, आणि काही वर्षांनी बघतात तर रानातल्या भलत्याच जिवाणूंनी त्याच्याकडून असला पट्टाच्या पट्टा उचललेला, आणि तेही गाठी बांधायला लागलेले! विद्या अशी एका जातीकडून दुसरीकडं गेली, लेकरांनो, आणि तीही आईबापाच्या वाटेनं नव्हे.

तर गाठीतलं हे काम आपल्याही रानात जोरात चालावं म्हणून पेरणीआधी बियाण्याला बुरशीनाशक लावून झालं की शेवटी जिवाणूखत चोळा, सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. पण पाकीट सोयाबीनचंच घ्या, हरभऱ्याचा जिवाणू निराळा. आणि उभ्या पिकात युरियाचं पोतं फोडायच्या आधी एक झाड काढून गाठ फोडून बघा, कारण नत्र फुकट मिळायला लागला की झाड गाठी बांधायचंच कमी करतं.